आतून कडी लागेपर्यंत रिक्षा हलवत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका सद्गृहस्थांचं पत्र आलं होतं. शाळा सुटल्यावर घरात एकट्या राहणाऱ्या मुलांबद्दल होतं. सगळा दोष त्यांनी नोकरी करणाऱ्या आयांवर टाकला होता आणि पैशाच्या मागं धावताना आईपण हरवलं, असं काहीसं शेवटी लिहिलं होतं. ते पत्र मी पोवई नाक्यावर भाड्याची वाट बघत वाचलं आणि बाजूच्या दोन रिक्षावाल्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यातला एक म्हणाला, "ह्या माणसानं कधी पाच वाजता पोरं घरी सोडलीत का?" त्याच्या त्या वाक्यामुळं हे पत्र लिहायला घेतलं. लिहायची सवय नाही, चूकभूल द्यावी घ्यावी.

मी साताऱ्यात १९ वर्षं रिक्षा चालवतो. त्यातली १४ वर्षं शाळेच्या वर्द्या, म्हणजे मुलांची ने-आण, करतो. एक शाळा साडेनऊला भरते आणि साडेतीनला सुटते, दुसरी साडेदहा ते पाच. वरच्या रस्त्यानं जाणं, खालच्या रस्त्यानं येणं, मग गोडोली, शाहूनगर, विलासपूर असा फेरा. दोन्ही वर्द्या मिळून सध्या ११ मुलं आहेत. एका वेळी किती बसवतो ते मात्र विचारू नका, आरटीओतले साहेबही आपलं दैनिक वाचत असतील.

या ११ पैकी ७ जणांच्या हाती घराचं कुलूप आहे. एकाची किल्ली काळ्या गोफात, गळ्यात, शर्टाच्या आत. एकीची कंपासपेटीत खोडरबराखाली. पाचवीतला एक जण ती मोज्यात ठेवतो, त्यामुळं संध्याकाळी लंगडत उतरतो आणि पायरीवर बसून आधी बूट काढतो. दोघी बहिणींची किल्ली घरापाशीच लपवलेली असते, कुठं ते लिहीत नाही. पण सातारकर किल्ल्या कुठं कुठं ठेवतात यावर मी एक वही भरवू शकेन, आणि ती वही चोराच्या हाती लागली तर त्याची वर्षभराची मेहनत वाचेल.

आत गेल्यावर काय चालतं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षात कळतं. घरात पोचलं की बाबांना मिस कॉल द्यायचा, दोन रिंगा झाल्या की कट. कुणी दार वाजवलं तर उघडायचं नाही. 'घरात कोणी नाही' असं तर मुळीच म्हणायचं नाही, 'आई अंघोळ करतेय' म्हणायचं. एका पोराला कुरिअरवाल्यानं विचारलं होतं, "तुझी आई रोज चार वाजताच अंघोळ करते का रे?" त्यावर सगळी रिक्षा हसली. तो हसला नाही. त्याला वाटलं, आपलं खोटं पकडलं गेलं.

डब्यात चपातीची गुंडाळी आणि शेंगदाण्याची चटणी ठेवलेली असते. गॅसला हात लावायचा नाही, आई रेग्युलेटर बंद करून जाते. पण पाचवीतल्या पोराला रेग्युलेटर कळत नाही, असं मानणारी आई स्वतः कधी पाचवीत नसावी. मॅगी होते, चहा होतो, भांडं घासून पालथं घातलं जातं आणि वास जावा म्हणून खिडकी उघडली जाते. हे सगळं मला ठाऊक आहे, आईला नाही. मी सांगावं का? सांगितलं की पोर मला पुढचं काही सांगणार नाही. म्हणून मी आईला सांगत नाही, पोराला मात्र रोज विचारतो, "बटण बंद केलंस का?" बरोबर करतो की चूक, माहीत नाही.

एका घरी नळाला दुपारी पाणी येतं. कासच्या तलावाचं पाणी असो की शहापूर योजनेचं, ते आई-बापाच्या पाळ्या बघून येत नाही. तोटी सोडणं, बॅरल भरणं, मोटर चालू करून वेळेवर बंद करणं हे तिसरीतल्या मुलीचं काम आहे. म्हणजे पाणी आणि वीज दोन्ही एकाच वेळी तिच्या हातात. ओल्या हातानं बटण दाबू नकोस असं मी तिला सांगतो. ती म्हणते, "काका, मी फ्रॉकला पुसते ना."

ज्यांना परवडतं त्यांनी घरात कॅमेरा बसवलाय. बाप पुण्यातल्या ऑफिसात बसून मोबाइलवर बघतो आणि भिंतीवरच्या डबीतून ओरडतो, "टीव्ही बंद कर, अभ्यासाला बस." सहावीतला पोरगा चार दिवस घाबरला. पाचव्या दिवशी त्यानं कॅमेऱ्यावर मोजा घातला. बापानं फोन केला तर म्हणाला, लाइट गेली होती.

उरलेल्या चार मुलांच्या घरी मोठं माणूस आहे, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. त्यातल्या एकाच्या शाळेच्या फॉर्मवर 'घरी कोण असते' या रकान्यात 'आजोबा' लिहिलेलं आहे. एकदा त्याचं दप्तर रिक्षात राहिलं म्हणून द्यायला वर गेलो. आजोबा कॉटवर पडून होते, अर्धांगानं डावी बाजू गेलेली. पोरगा त्यांना मानेखाली हात घालून बसवत होता, पाणी पाजत होता. पाणी हनुवटीवरून ओघळलं तर टॉवेलनं पुसलं. इतकं सराईत, की मला दारातच उभं राहावं लागलं. तो सातवीत आहे. फॉर्मवर आजोबा त्याला सांभाळतात.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते लिहितो.

मागच्या वर्षी जुलैचा शेवटचा आठवडा होता. दोन दिवस संततधार चालली होती. सकाळी शाळा भरली. जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी जाहीर केली असती तर रात्रीच कळलं असतं आणि प्रत्येकानं काहीतरी सोय बघितली असती. पण तशी सुट्टी नव्हती. दुपारी १२ वाजून ४० मिनिटांनी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज आला, 'पावसामुळे शाळा दीड वाजता सोडण्यात येत आहे. पालकांनी पाल्यास घेऊन जावे.' ५० मिनिटांत ! मला मेसेज मिळाला कारण माझा फोन खिशात असतो. एमआयडीसीतल्या बऱ्याच कारखान्यांत फोन गेटवर जमा होतो, पाळी संपली की परत मिळतो.

माझ्या रिक्षात चौथीतली एक मुलगी आणि तिचा पहिलीतला भाऊ आहेत. ती नेहमी डाव्या कोपऱ्यात बसते आणि भावाला मांडीवर घेते. आई एका कारखान्यात पॅकिंगला. वडील टँकरवर, त्या दिवशी हुबळीकडं होते. घर शाहूनगरच्या अंगाला, अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याच्या एका चढाच्या बोळात. कोरड्या दिवसांतसुद्धा भरलेली रिक्षा त्या चढाला कुरकुरते. त्या दिवशी बोळातून ओढा वाहत होता. पडदे सोडलेले असूनही मागची पोरं भिजून कुडकुडत होती, अजून चौघांना सोडायचं होतं. मी दोघांना बोळाच्या तोंडाशी उतरवलं. छत्री एक होती. ती म्हणाली, "काका, तुम्ही जा." मी गेलो.

संध्याकाळी ६ वाजून १० मिनिटांनी तिच्या आईचा फोन आला. "काका, पोरं तुमच्याकडं आहेत का?"

मी पोचलो तेव्हा दाराला कुलूप तसंच होतं आणि कुलपात किल्ली अडकलेली होती, वाकलेली. पावसानं कुलूप गंजून घट्ट झालं होतं. पोरीनं सगळा जोर लावला असणार. कुलूप उघडलं नाही आणि किल्लीही निघाली नाही. आई त्या किल्लीकडं बघत उभी होती, ओरडत नव्हती, काही नाही. मी तिला म्हटलं, तुम्ही इथंच थांबा, पोरं परत आली तर घरापाशी कोणीतरी पाहिजे. ते बोलल्यावर माझं मलाच लागलं.

आम्ही पाच-सहा जण हिंडलो. देऊळ बघितलं, किराणा दुकान बघितलं, पिठाची गिरणी वीज नसल्यानं बंद होती. ओढ्याच्या कडेनं जाताना मी पाण्याकडं बघायचं टाळत होतो. पाऊण तासानं पोरं सापडली. बोळाच्या वरच्या अंगाला एका इमारतीचं बांधकाम चालू होतं, तिथं तळमजल्यावर बांधकामावरच्या एका बाईचं बिऱ्हाड होतं. तीन विटांची चूल, वर पत्रा. भाऊ त्या बाईच्या पोराबरोबर फरशीच्या तुकड्यांची गाडी करून खेळत होता. मुलगी चुलीपाशी दप्तर वाळवत बसली होती, एकेक वही उलगडून. बाई कर्नाटकातली, मराठी मोडकंतोडकं. तिनं दोघांना चहा आणि भाकरी दिली होती, मुलीच्या खांद्यावर आपलं जुनं लुगडं टाकलं होतं. चार तास ही पोरं तिथं होती. तिच्याकडं ना शाळेचा नंबर होता, ना आईचा. मुलीला आईचा नंबर पाठ होता, तिनं बाईच्या फोनवरून तीनदा लावलाही. फोन बंद. बंदच असणार, गेटवर जमा होता.

मी मुलीला विचारलं, "अगं, शेजारच्या काकूंकडं का नाही गेलीस?"

ती म्हणाली, "त्या म्हणाल्या होत्या, सारखं सारखं येत जाऊ नका."

मला त्या काकूंचा राग आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बोळाच्या तोंडाशी येऊन उभ्या होत्या, डोळे सुजलेले. कधीतरी उन्हाळ्यात दुपारची झोप मोडली म्हणून त्या तसं बोलल्या होत्या. त्या विसरल्या, पोरीनं मनात धरून ठेवलं. मी त्यांना काही बोललो नाही. मी कुठल्या तोंडानं बोलणार? दीड वाजता, भर पावसात, दोन पोरांना बोळाच्या तोंडाशी सोडून गेलेला माणूस मीच.

त्या दिवसापासून मी एक ठरवलंय. पोरगं दारापर्यंत जाईल, कुलूप उघडेल, आत जाईल, आतून कडी लावेल. कडी लागल्याचा आवाज आला की मगच रिक्षा हलवायची. वरच्या मजल्यावर घर असेल तर गॅलरीत येऊन हात करायचा. दर घरामागं दीड-दोन मिनिटं जातात. शेवटच्या मुलाची आई पहिल्या आठवड्यात म्हणाली, "काका, हल्ली उशीर होतो तुमचा." मी तिला कारण सांगितलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. सकाळीही तसंच. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं शासनानं २०२४ मध्ये ठरवलं. पोरांची झोप झाली पाहिजे, याबद्दल वाद नाही. पण सातच्या पाळीची आई साडेसहाला घर सोडते, म्हणजे आता सकाळचं कुलूपही पोरानंच लावायचं. मी ते ओढून बघतो. दोनदा नुसतंच अडकवलेलं निघालं.

पत्रलेखक सद्गृहस्थांनी आणखी एक मुद्दा मांडला होता, तो उलट बाजूचा. आमच्या वेळी मुलं स्वावलंबी होती, आताची नाजूक, वगैरे. साताऱ्यात स्वावलंबनाचं नाव काढलं की कर्मवीर अण्णांचं, म्हणजे भाऊराव पाटलांचं, नाव निघतंच, त्यांनीही काढलं होतं. मी त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलो. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे शब्द मी लहानपणापासून वाचत आलोय. अण्णांनी १९१९ मध्ये काल्याला संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, १९२७ मध्ये गांधीजी आले आणि त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असं नाव मिळालं. तिथली पोरं स्वतःची कामं स्वतः करत, हे खरं. पण ती एकटी नव्हती हो ! तिथं अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्या माउलीनं अंगावरचं सोनं दिलं, मंगळसूत्रही ठेवलं नाही. कोण जेवलं, कोण तापानं फणफणलंय, हे बघणारं माणूस घरात होतं. स्वावलंबनाची गोष्ट सांगताना लक्ष्मीबाईंना वगळून कशी सांगता?

माझंच सांगतो. मी कोरेगाव तालुक्यातला. आई-बाप दोघं रानात, मीही शाळेतून आल्यावर एकटाच. पण आमच्या घराला कडी होती, कुलूप नव्हतं. दिवसभर आळीतली कुणी म्हातारी ओट्यावर गहू निवडत बसलेली असायची आणि मी तिच्या नजरेखालून गेल्याशिवाय घरात शिरूच शकत नव्हतो. आता आळीची सोसायटी झाली, ओट्याचं पार्किंग झालं. माझ्या मुलाच्या वेळी मीही त्याला किल्ली दिली होती. त्याची आई कामावर, मी रिक्षावर. तो आता २४ वर्षांचा आहे, पुण्यात नोकरीला. अजूनही घरात शिरला की आधी सगळ्या खोल्यांचे दिवे लावतो, भर दुपारी सुद्धा. मी त्याला त्याबद्दल कधी विचारलं नाही.

आता आयांबद्दल. ज्या सात पोरांच्या हाती किल्ली आहे, त्या सातही जणांच्या घरी बापही कामाला आहे. बापानं काम सोडावं असं त्या पत्रात कुठं नव्हतं. ज्या घरी दोन पगार आल्याशिवाय शाळेची फी, घरभाडं आणि गावाकडं आईच्या औषधाचे पैसे जमत नाहीत, त्या घरातल्या बाईला मातृत्वावर व्याख्यान देऊन काय होणार? माझे महिन्याचे पैसे जिथं दोन हप्त्यांत येतात ती घरं मला माहीत आहेत.

आमची मंडळी अंगणवाडीत मदतनीस आहे. तिनं एक गोष्ट लक्षात आणून दिली, ती मला आधी सुचली नव्हती. ती म्हणाली, "आमच्याकडं मूल सहा वर्षांचं झालं की रजिस्टरातून नाव कमी होतं." मग मी इकडंतिकडं विचारलं. युनियनमध्ये काम केलेले एक जुने गिऱ्हाईक आहेत, ते म्हणाले, १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथं पाळणाघर सांगितलं होतं, तेही सहा वर्षांखालच्या मुलांसाठी. २०१७ मध्ये बाळंतपणाच्या कायद्यात बदल झाला आणि ५० किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर आलं. तेही तान्ह्या-लहानग्यांसाठीच. म्हणजे सहा वर्षांपर्यंत निदान कागदावर तरी कुणीतरी आहे. सहा पूर्ण झाली की मूल शाळेचं. आणि शाळा किती वेळ? शिक्षणहक्काच्या कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास लिहिलेत. भागाकार केला तर दिवसाला चार तास येतात. प्रत्यक्षात शाळा जास्त वेळ असते, मान्य. पण आईची पाळी आठ तासांची, वर जाण्यायेण्याचा वेळ. मधलं अंतर कुणाचं, हे मला कुठंच सापडलं नाही.

कोर्टात जाणाऱ्या एका वकीलबाईंना रिक्षातच विचारलं, किती वर्षांचं मूल घरी एकटं ठेवता येतं? त्या म्हणाल्या, असा वयाचा आकडा आपल्या कायद्यात नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलाकडं जाणूनबुजून दुर्लक्ष करणाऱ्याला शिक्षा आहे, पण कामावर गेलेली आई म्हणजे दुर्लक्ष करणारी आई नव्हे. मग म्हणाल्या, "माझाही मुलगा आत्ता घरी एकटाच आहे हो." उतरताना त्यांनी सुटे पैसे परत घेतले नाहीत.

सगळ्यांत वाईट दिवस शनिवार. आमच्याकडं शनिवारी सकाळची शाळा असते. अकराला सुटते. एमआयडीसी आणि दुकानं मात्र शनिवारी पूर्ण दिवस. म्हणजे अकरा ते सहा, सात तास. इतर दिवशी दीड-दोन तासांत पोरं टीव्ही, खाणं, थोडं भांडण यांत वेळ काढतात. सात तास निघत नाहीत. सोमवारी सकाळी रिक्षात जे ऐकायला मिळतं ते बहुतेक शनिवारचंच असतं. मे महिन्याच्या सुट्टीत मुलं मामाकडं किंवा गावी जातात, त्याबद्दल मला फारसं माहीत नाही.

मी काय मागतोय ते स्पष्ट लिहितो, म्हणजे हे नुसतं रडगाणं वाटायला नको.

शाळा अचानक लवकर सोडायची वेळ येते. पाऊस असतो, कुणाचं निधन होतं, बंद असतो, गुरुजींना निवडणुकीचं काम असतं. त्याला इलाज नाही. पण मेसेज टाकला म्हणजे निरोप पोचला असं धरू नका. ज्या मुलाच्या घरून 'हो, आम्ही आहोत' असं उलट उत्तर आलं नाही, ते मूल शाळेतच राहू द्या. आम्ही रिक्षावाले नंतर एक फेरी जादा मारू. मागच्या वर्षी मी शाळेत जाऊन हे विचारलं तर उत्तर मिळालं, "मुलं गेटबाहेर गेली की आमची जबाबदारी संपली." मग बोळाच्या तोंडाशी माझीही संपली होती म्हणायची. आईची पाळी चालू होती, तिची जबाबदारी सुरू व्हायची होती. मग दीड ते सहापर्यंत ती पोरं कुणाची होती?

दुसरं मागणं कारखान्यांकडं आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. फोन जमा करून घ्या, तुमची कारणं असतील. पण गेटवर एक नंबर असू द्या, जो वॉचमन उचलेल आणि निरोप लाइनवर पोचवेल. 'अमक्या खात्यातल्या अमक्या बाई, घरी फोन करा.' एवढंच. तो नंबर शाळेला, रिक्षावाल्याला आणि पोराला दिलेला असावा. त्या दिवशी मुलीनं तीनदा फोन लावला होता, हे विसरू नका. तिनं सगळं बरोबर केलं होतं. नंबर पाठ होता, भावाचा हात सोडला नव्हता, आडोसा शोधला होता. माझ्या रिक्षात मीटरच्या वर १०९८ आणि ११२ हे दोन आकडे चिकटवलेत, तेही तिला पाठ होते. मी विचारलं, मग लावला का नाहीस? म्हणाली, "ते चोर आला तर लावायचे ना?" आता मी पोरांना सांगतो, हरवलात, अडकलात, घाबरलात तरी लावायचे.

तिसरं मागणं एका खोलीचं. शाळेचा एक वर्ग रोज साडेसहापर्यंत आणि शनिवारी दुपारभर उघडा ठेवावा. शिकवणी नको, पोरं आधीच वैतागलेली असतात. सतरंजी, कॅरम, पाण्याचा माठ आणि एक मोठं माणूस बस्स. खर्चाचं विचाराल तर आम्ही तीन रिक्षावाल्यांनी दिवाळीनंतर बसून हिशेब केला. एका शाळेतली आमच्या तिघांच्या वर्द्यांतली किल्लीवाली पोरं १९ निघाली. महिना ४०० रुपये द्याल का, असं घरोघर विचारलं. १६ घरांनी हो म्हटलं. म्हणजे ६४०० रुपये. निवृत्त झालेल्या एक बाई तेवढ्यात यायला तयार आहेत, त्यांचं घर शाळेच्या मागंच आहे. कागद घेऊन आम्ही शाळेत गेलो. विमा कोण काढणार, काही झालं तर जबाबदार कोण, वरून परवानगी लागेल, अशी उत्तरं मिळाली. प्रश्न खोटे नाहीत. पण काही होतंय ते आजही होतंय, फक्त शाळेच्या आवाराबाहेर होतंय म्हणून कुणी विचारत नाही. ज्यांच्या हाती परवानगी आहे त्यांनी हे वाचलं तर त्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडं आहे.

खोली मिळाली तर साडेसहानंतरची फेरी आम्ही तिघं आळीपाळीनं करू, तिचे वेगळे पैसे घेणार नाही. हे मी दोघांना विचारून लिहितोय. एकानं लगेच हो म्हटलं, दुसऱ्यानं बायकोला विचारून.

माझं नाव छापू नये ही विनंती. पालक ओळखतील, त्याचं काही नाही, पण पोरांनी मला सांगितलेलं मी पेपरात दिलं असं पोरांना वाटायला नको. कॅमेऱ्यावरच्या मोज्याची गोष्ट छापायची की नाही ते आपण ठरवा, त्या पोराच्या वडिलांकडं आपलंच दैनिक येतं.

आपला,
एक रिक्षाचालक, सातारा

ता. क. त्या बांधकामावरच्या बाईंना द्यायला मुलीच्या आईनं राखीपौर्णिमेला साडी घेतली आणि आम्ही दोघं वर गेलो. स्लॅब टाकून झाला होता, काम दुसऱ्या ठेकेदाराकडं गेलं होतं आणि बिऱ्हाड उठलं होतं. कुठं गेलं ते कुणालाच सांगता आलं नाही. साडी अजून त्यांच्या कपाटात आहे.